पुराच्या ग्रुपमधले मेसेज पुस्तिकेत घेताना

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधले गल्लीचे, तालमीचे, अपार्टमेंटचे व्हॉट्सॲप ग्रुप कोल्हापुरात अजून कितीतरी फोनांमध्ये आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, मग ४३ फुटांची धोका पातळी, आणि तरी पाणी चढतच राहिले, त्या तासांचे बोलणे त्यांत जसेच्या तसे आहे. सुतारमळ्यात पाणी कुठवर आले, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या गणेशमूर्ती कुठे हलवायच्या, बोट कुठल्या बोळातून येते, दूध कुठे मिळते, शिरोलीजवळ हायवे बंद झाल्यावर पुण्याहून येणारे नातेवाईक कुठे अडकलेत, डायलिसिसच्या पेशंटला कसे न्यायचे. २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. सरकारी अहवालात हा आकडा मिळतो, पण पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर असताना माणसे एकमेकांना काय सांगत होती ते ग्रुपमध्येच मिळते. म्हणून गणेशोत्सवात पुराच्या आठवणींची पुस्तिका काढावी, त्यात हे मेसेज घ्यावेत असे एखाद्या मंडळाला वाटणे स्वाभाविक आहे. ती काढावीच, असे माझेही मत आहे.

मात्र हे मेसेज शेजाऱ्यांसाठी लिहिलेले होते. पाणी घरात शिरत असताना वाचकांचा विचार करून कोणी लिहीत नाही. ‘आईला रात्रीपासून कळ येतेय, बीपीच्या गोळ्या संपल्यात, कोणाकडे आहेत का’ हे वाक्य त्या रात्री शंभर जणांनी वाचले, कारण त्या शंभरांतला एखादा गोळी आणून देईल अशी आशा होती. तेच वाक्य छापून पाचशे घरांत पाठवायचे असेल तर लिहिणाऱ्याला पुन्हा विचारावे लागते. मेसेज ज्याने लिहिला त्याचा असतो. तो ग्रुपचा नसतो, ॲडमिनचा नसतो आणि ज्याच्या फोनमध्ये उरला त्याचाही नसतो. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिली पायरी : काय काढायचे ते आधी ठरवा

परवानगी मागायला निघण्याआधी मंडळाने बसून चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. छापील पुस्तिका काढायची की पीडीएफही? किती प्रती? विकायच्या की वाटायच्या? जाहिराती घ्यायच्या का? यातल्या पीडीएफच्या प्रश्नावर जास्त वेळ घालवा. पाचशे छापील प्रती पेठेत आणि आसपास राहतात. पीडीएफ दुसऱ्या दिवशी कुठल्या ग्रुपवर असेल ते कोणालाच सांगता येत नाही, आणि ती परतही घेता येत नाही. ज्याने छापील पुस्तिकेला होकार दिला त्याने पीडीएफला दिला असे धरता येणार नाही, म्हणून हा निर्णय आधी हवा. माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी पीडीएफ काढू नका.

परवानग्यांसाठी वेळही भरपूर धरा. मजकूर निवडायला जितके दिवस लागतात त्याच्या दुप्पट माणसे गाठायला लागतात. पुरानंतर काही कुटुंबे घर सोडून वर उपनगरात गेली, मुली लग्न होऊन सांगलीला किंवा पुण्याला गेल्या, फोननंबर बदलले.

दुसरी पायरी : ग्रुपवर जाहीर करा, पण शांततेला होकार समजू नका

काम सुरू होण्याआधी ग्रुपवर स्पष्ट सांगावे: अशी पुस्तिका काढतोय, या तारखेपासून या तारखेपर्यंतचे मेसेज वाचणार आहोत, वाचणारी माणसे ही दोघे-तिघे, आणि ज्याचा मेसेज निवडला जाईल त्याला वेगळे विचारल्याशिवाय तो छापणार नाही. ज्यांना आपला एकही मेसेज वाचला जाऊ नये असे वाटते त्यांनी कळवावे, हेही लिहावे.

यावर पाच-पन्नास अंगठे येतील. ते कल्पनेचे कौतुक आहे, परवानगी नव्हे. आपला कोणता मेसेज, कशाच्या शेजारी, कोणत्या नावाने येणार हे अजून कोणालाच माहीत नसते. आणि जे गप्प राहिले त्यांच्या शांततेचा तर काहीच अर्थ लावता येत नाही. निम्म्यांनी तो ग्रुप म्यूट केलेला असतो.

‘ॲडमिनला विचारलंय की’ असे इथे हमखास ऐकू येते. ॲडमिनला माणूस घेता येतो, काढता येतो, नकोसा मेसेज पुसता येतो. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटले की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, त्यात समान हेतू नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. इतरांच्या शब्दांचा दोष ज्याच्यावर येत नाही, त्याच्याकडे त्या शब्दांचा अधिकार कुठून येणार? ॲडमिनची मदत जरूर घ्या, माणसे ओळखायला तिचा मोठा उपयोग होतो. परवानगी मात्र त्याच्याकडून मिळत नाही.

तिसरी पायरी : चॅट बाहेर काढणे

व्हॉट्सॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट चॅट’ हा पर्याय असतो. त्यातून मजकुराची फाइल मिळते, फोटोंसह किंवा फोटोंशिवाय. फोटोंशिवाय काढा. फोटोंचा विचार पुढे वेगळा करायचा आहे. ग्रुपमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही. असे असेल तर ते बंद करून घेण्याची खटपट करू नका, कोणाच्या तरी फोनवरून स्क्रीनशॉट काढत बसू नका. ग्रुपने आधीच दिलेले ते उत्तर आहे. तिथे पुस्तिकेचा दुसरा मार्ग घ्यावा लागतो: माणसांना भेटून आठवणी नव्याने लिहून घेणे.

एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये नावे येतात ती ज्याच्या फोनवरून ती काढली त्याने सेव्ह केलेली. म्हणजे ‘पिंटू गॅसवाला’, ‘पाटील काकू तिसरा मजला’, आणि जे सेव्ह नाहीत त्यांचे थेट फोननंबर. ही फाइल जशीच्या तशी डीटीपीवाल्याला देऊ नका. एकाच कॉम्प्युटरवर ठेवा, मंडळाच्या दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका, आणि कोणाकडे तिची प्रत आहे ते वहीत लिहून ठेवा. नंबर काढून टाकलेली दुसरी प्रत करून तिच्यावरच निवडीचे काम करा. मूळ फाइल फक्त माणूस शोधायला उघडायची.

चौथी पायरी : निवड

इथे वेळ द्यावा. पूर्ण मजकूर एकदा वाचून काढल्यावर काही गोष्टी परवानगी विचारायच्या आधीच बाजूला काढायच्या असतात, कारण त्या छापायच्या नाहीतच.

पंचनाम्यासाठी आणि अनुदानाच्या याद्यांसाठी पुरानंतर ग्रुपवर आधार कार्डांचे, रेशन कार्डांचे, बँक पासबुकांचे फोटो धडाधड पडले होते. ते पहिल्या फटक्यात बाजूला. फोननंबर, घराचा पत्ता, लाइव्ह लोकेशन बाजूला. कोणाला कोणता आजार, कोणती गोळी, कोण गरोदर, कोणाचे मन ताळ्यावर नव्हते, हे सगळे बाजूला. लहान मुलांची नावे आणि शाळा बाजूला. कोणत्या घरात बायकामाणसे एकटी होती, कोणत्या घराला कुलूप होते, हे त्या रात्री सांगणे गरजेचे होते, आज छापणे गरजेचे नाही.

मग भांडणे. मदतीचे किट कोणाला मिळाले, कोणाला दोनदा मिळाले, कोण घर सोडायला तयार नव्हता आणि त्याच्यामुळे बोट कशी अडकली, कोणाच्या रिकाम्या घरातून काय गेले. असे मेसेज वाचताना जिवंत वाटतात, आणि म्हणूनच ते घेण्याचा मोह होतो. पण त्यात ज्याच्याबद्दल लिहिले आहे तो माणूस बहुतेक वेळा उत्तर द्यायला तिथे नव्हता. चोरीचा नुसता संशय छापला तर भारतीय न्याय संहितेतील कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि ‘मूळ मेसेज दुसऱ्याचा होता’ ही छापणाऱ्याची सुटका नाही. तक्रार झाली नाही तरी त्या माणसाला त्याच गल्लीत राहायचे आहे.

जातीधर्मावरून निसटलेले शब्दही घेऊ नका, विनोदाच्या सुरातले असले तरी. एका फोनवरचा मजकूर आपल्या जागेवरून उचलला गेल्यावर किती लांब जातो हे या शहराने जून २०२३ मध्ये पाहिले आहे. काही स्टेटसवरून तणाव झाला, ७ जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट थांबवावे लागले.

‘हा मेसेज डिलीट केला आहे’ असे जिथे दिसते तिथे गोष्ट संपली. कोणाकडे त्याचा स्क्रीनशॉट असेल, आणि तो कदाचित सगळ्या पुस्तिकेतला सगळ्यात बोलका मजकूरही असेल. लिहिणाऱ्याने तो परत घेतला आहे.

‘फॉरवर्डेड’ अशी खूण असलेल्या मजकुराचा लेखक पाठवणारा नसतो. धरणाचे दरवाजे उघडल्याच्या अफवा, दूरच्या कोणाच्या कविता, कुठल्याशा गावाचे व्हिडिओ यांच्यासाठी परवानगी कोणाची घ्यायची हेच कळत नाही. ते वगळा. अफवांबद्दल लिहायचेच असेल तर आपल्या शब्दांत लिहा: राधानगरी धरणाबद्दल काय पसरले होते, लोकांनी त्यावर काय केले.

हे ‘आपल्या शब्दांत’ फार उपयोगी पडते. पाणी कोणत्या दिवशी कोणत्या चौकात आले, नळाचे पाणी बंद झाल्यावर टँकर कुठे उभा राहायचा, व्हाइट आर्मी या बचाव पथकाचे जवान कधी पोचले ही माहिती आहे. माहितीवर कोणाचा लेखनहक्क नसतो. तीस मेसेजमधून एक परिच्छेद असा लिहिता येतो की त्यात कोणाचेही नाव लागत नाही आणि काही हरवतही नाही. ज्या ठिकाणी माणसाचे स्वतःचे शब्दच हवेत तेवढेच मेसेज मूळ रूपात घ्या. निवडलेले मेसेज जितके कमी तितकी प्रत्येक परवानगी नीट घेता येते.

पाचवी पायरी : ज्याचे त्याला विचारणे

आता एकेक माणूस. विचारताना पूर्ण मजकूर समोर ठेवायचा, तो पानावर कुठे येणार आणि त्याच्या वरखाली कोणाचे मेसेज येणार ते दाखवायचे. ‘तुमचा एक मेसेज घेतोय’ एवढ्यावर मिळालेला होकार पुढे टिकत नाही. नमुना असा ठेवता येईल:

‘नमस्कार काकू. तालमीच्या पुराच्या पुस्तिकेचे काम मी बघतोय. ७ ऑगस्ट २०१९ ला दुपारी तुम्ही ग्रुपवर लिहिलेला हा मेसेज आम्हाला घ्यायचा आहे. (पूर्ण मजकूर.) तो ज्या पानावर येईल त्याचा फोटो सोबत पाठवतोय. छापील पाचशे प्रती आहेत, पीडीएफ नाही, पुस्तिका मोफत आहे. तुमचे नाव पूर्ण द्यायचे, नुसते पहिले द्यायचे, की द्यायचेच नाही? काही शब्द गाळायचे असतील तर सांगा. नको असेल तर “नको” एवढेच कळवा, कारण विचारणार नाही. १५ जुलैपर्यंत तुम्हाला विचार बदलता येईल.’

वयस्कर माणसांना मेसेज पाठवून भागत नाही. घरी जा, मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. ‘आक्का, हे त्या रात्री तुम्ही लिवलं होतं, पुस्तकात घालू का?’ असे विचारल्यावर पुष्कळदा आठवणी निघतात, डोळे भरतात, आणि त्या भरात ‘घाला की’ येते. तो होकार त्याच दिवशी वहीत चढवू नका. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, शक्यतो घरातल्या कोणासमोर. नातवाने किंवा सुनेने त्यांच्या फोनवरून लिहिलेले असेल तर दोघांनाही विचारा: शब्द लिहिणाऱ्याचे, गोष्ट आजीची.

घरात कर्ता माणूस ‘आमच्या सगळ्यांचं घाला, मी सांगतोय’ म्हणतो, तेव्हा आदराने ऐकून घ्यावे आणि तरीही वहिनींचा मेसेज असेल तर वहिनींना वेगळे विचारावे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांचा होकार हवा, आणि मूल समजते असेल तर त्याचाही. २०१९ मध्ये जो शाळकरी होता तो आज सज्ञान असेल, तर आता त्याचा स्वतःचाच होकार लागतो.

लिहिणारी व्यक्ती हयात नसेल तर वारसांना विचारायचे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे असतो. ‘बोट आली’ या दोन शब्दांवर कोणी हक्क सांगायला येणार नाही, पण रात्रभर छतावर बसून लिहिलेली दीड पानांची हकीकत हे लेखनच आहे. त्याच कायद्यात परवाना लेखी असावा असेही म्हटले आहे, म्हणून तोंडी होकार मिळाला तरी नंतर एक ओळ मेसेजवर मागून घ्या आणि जपून ठेवा.

सलग संवाद छापायचा असेल तर त्यातल्या प्रत्येकाचा होकार लागतो. मराठी वाचकाला पत्रांवरून हे ओळखीचे आहे. पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. धारवाडला राहून लोकांपासून दूर राहिलेल्या जी. ए. कुलकर्णींनी सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रे जी. एं.च्या पश्चात त्यांच्या पत्रांच्या खंडात आली, आणि सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या वेगळ्या पुस्तकात. एकाची पत्रे छापली म्हणून दुसऱ्याची आपोआप मोकळी होत नाहीत. ग्रुपवर हेच सतत घडते: विचारणारी हो म्हणते, उत्तर देणारा नाही म्हणतो. अशा वेळी उत्तर गाळून नुसता प्रश्न छापावा, किंवा पूर्ण संवाद सोडावा. उत्तराचा आशय कंसात भरून देणे म्हणजे नकार ओलांडणे आहे.

कायदा नेमका काय म्हणतो, असे मंडळातली तरुण मुले विचारतात, आणि त्यांनी विचारावे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापराला त्या कायद्यात सूट आहे. मंडळाची छापील पुस्तिका त्या सुटीत बसेल असे गृहीत धरू नये. त्या कायद्यातली संमतीची व्याख्या मात्र आपल्या कामाला आजच उपयोगी आहे: संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी, माहिती घेऊन, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी, आणि देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. वर दिलेला नमुना याच शब्दांवर तपासून पाहा.

सहावी पायरी : नाव बदलल्याने माणूस लपत नाही

‘नाव बदलू, मग काय प्रश्न?’ पुण्या-मुंबईत हे कदाचित चालेल. पेठेत चालत नाही. ‘गिरणीच्या मागच्या घरातल्या एका भगिनीने’ असे छापल्यावर ती कोण हे सांगायला कोणाला नाव लागते? नाव झाकायचे असेल तर घराची खूण, मजला, धंदा, वय, मुलांची संख्या, यांतल्या कोणत्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस ओळखू येतो ते तपासा. त्यासाठी ती गल्ली माहीत असलेल्या पण पुस्तिकेच्या कामात नसलेल्या एखाद्या माणसाला पान वाचायला द्या आणि विचारा, हे कोण वाटते? त्याने बरोबर ओळखले तर आणखी एक खूण काढा. तरीही ओळखू येत असेल तर मजकूरच काढा.

सातवी पायरी : मजकुराला हात लावताना

निम्मे मेसेज इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली मराठी असतात. ते देवनागरीत आणताना बोली बदलू नका. ‘पानी आलंय’चे ‘पाणी आले आहे’ करू नका, तसे करायचे असेल तर लिहिणाऱ्याला दाखवा. शुद्धलेखन सुधारण्याबद्दलही विचारा. काहींना ते हवे असते, काहींना आपले तसेच ठेवायचे असते. शब्द गाळले तर तिथे तीन टिंबे द्या. तारीख आणि वेळ मूळचीच ठेवा, कारण रात्री अडीच आणि दुपारी अडीच यांत त्या मजकुराचा जीव असतो. व्हॉइस नोट उतरवून घेतली असेल तर ती बोलणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला आपल्या मजकुराची मोडतोड रोखण्याचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क मेसेज लिहिणाऱ्यालाही आहे असे समजून वागावे.

फोटोंचे थोडक्यात: काढणाऱ्याची परवानगी वेगळी, फोटोतल्या माणसांची वेगळी. वर्तमानपत्रातून आलेला फोटो वर्तमानपत्राला विचारून. खांद्यावरून आणल्या जाणाऱ्या, ओल्या कपड्यातल्या, रडणाऱ्या माणसाचा फोटो त्या माणसाने स्वतः ‘घ्या’ म्हटल्याशिवाय नको. मृत व्यक्तीचा तर नकोच. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोच्या फाइलमध्ये स्थळाची माहिती राहू शकते, पीडीएफ काढणार असाल तर ती काढून टाका.

आठवी पायरी : वही, प्रूफ, आणि त्यानंतर

एका साध्या वहीत प्रत्येक मेसेजसाठी एक ओळ ठेवा: मेसेजचा क्रमांक, कोणी विचारले, कधी विचारले, उत्तर काय, नाव कसे द्यायचे, काय गाळायचे. नकार आला तर कारणाचा रकाना ठेवू नका. छपाईला जाण्याआधी ज्याचे त्याचे पान ज्याला त्याला पुन्हा दाखवा, कारण पानावर ठळक अक्षरांत आलेला आपलाच मेसेज वेगळा वाटतो आणि काहींना इथे नको वाटू लागते. माघारीची तारीख त्यांना आधी सांगितलेली असतेच, ती पाळा. तारीख उलटल्यावर पण प्लेट बनण्याआधी कोणी आले तरी काढून टाका. एक पान रिकामे गेले तर तिथे नदीच्या पातळीचा तक्ता देता येतो.

ज्यांनी नकार दिला त्यांच्या जागी ‘विनंतीवरून नाव वगळले’ अशी टीप टाकू नका, तीसुद्धा बोट दाखवते. त्यांनाही पुस्तिकेची प्रत द्या, बाकी सगळ्यांना देताना देतो तशीच.

छापून झाल्यावर हरकत आली तर वाटून गेलेल्या प्रती परत येणार नाहीत, हे खरे सांगावे. उरलेल्या प्रतींत ती ओळ झाकता येते, पुढच्या आवृत्तीत काढता येते. हे कोण करणार त्याचे नाव आणि संपर्क पुस्तिकेच्या आतल्या पानावर छापा. एक प्रत १८५० सालापासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयाला द्यायची असेल तर तेही परवानगी घेतानाच सांगितलेले असावे, कारण तिथे ती पन्नास वर्षांनीही कोणी वाचेल.

शेवटी एक्स्पोर्ट केलेली फाइल. वहीत लिहिलेल्या प्रत्येकाकडून प्रत पुसून घ्या: कॉम्प्युटरवरून, रिसायकल बिनमधून, ईमेलमधून, पेन ड्राइव्हमधून, डीटीपीवाल्याच्या मशीनवरून. पुसल्याची तारीख वहीत लिहा. परवानग्यांची वही मात्र मंडळाच्या कपाटात ठेवा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते पुढच्या कार्यकारिणीला सांगून ठेवा.